सशासमोर वाचलेले रजेचे नियम

ससा आणायचं ठरलं, तेव्हा मी सदाशिव पेठेत एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते. माझ्या खोलीच्या बरोबर खाली घरमालकीण काकू राहायच्या. परवानगी मागायला गेले, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आवाज करतो का?"

"नाही काकू. ससे ओरडत नाहीत."

"मग आणा. वरून एक तरी जण शांत असेल."

हा टोला माझ्या वाचनाला होता. मनातल्या मनात वाचलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शिकलेलं नव्हतं. संध्याकाळी आई भाकऱ्या थापायची, वडील भिंतीला टेकून बसायचे आणि मी धडा उघडला की म्हणायचे, "मोठ्यानं वाच. आमाला पण कळू दे." नद्या, राजे, ग्रामपंचायतीची कामं, सगळं त्या दोघांनी माझ्याबरोबर ऐकलं. पदवीपर्यंत मी तशीच पोचले. पुण्यात वसतिगृहातल्या मुली हसायच्या, तरी सवय गेली नाही. सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि खात्याच्या परीक्षेचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा काकूंनी जिन्यात गाठून विचारलं होतं, "परीक्षा तुमची ना? मग आम्हाला कशाला बसवताय?"

ससा मिळाला तो टाकून दिलेले प्राणी सांभाळणाऱ्या एका ताईंकडून. कुणीतरी तो मुलाच्या वाढदिवसाला आणला होता आणि हौस फिटल्यावर खोक्यात घालून बागेच्या फाटकाशी सोडला होता. पांढरा, एका कानावर राखाडी डाग. माणूस जवळ आलं की अंग चोरून दगडासारखा बसायचा.

रविवारी सकाळी त्याला पिंजऱ्यात घालून माझ्या हाती देताना ताई म्हणाल्या, "उचलायचं नाही. त्याचं त्याला बाहेर येऊ दे. आणि खाण्याकडे लक्ष ठेव. सशाचं खाणं थांबलं की पोट बिघडतं, जिवावर बेततं. संध्याकाळपर्यंत काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरकडे न्यायचं. मग तो माझ्याकडेच राहील. प्रत्येकाला प्रत्येक घर मानवतं असं नाही, वाईट वाटून घेऊ नकोस."

मी सगळ्याला हो म्हटलं. पण आमच्याकडे नवीन जनावर दारात आलं की त्याच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला कुंकू लावतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात आणि मगच आत घेतात. बैलाला केलं, शेळीला केलं. माझ्या स्वतःच्या खोलीत पहिल्यांदा कुणी येत होतं, त्याला तसंच आत कसं घ्यायचं? मी उंबऱ्यावर त्याला उचलून छातीशी धरलं आणि पायांवर पाणी सोडलं. त्यानं मागच्या पायांनी अशी लाथ झाडली की कुंकवाची डबी जिन्यावरून गडगडत खाली गेली आणि ससा थेट पलंगाखाली, ट्रंकेच्या मागे.

खालून काकूंचा आवाज आला, "अहो, लग्न लागलं की काय?"

त्यानंतर तो हललाच नाही. मी वाळलेलं गवत सरकवलं, पाण्याचं भांडं ठेवलं, कोथिंबिरीची जुडी ठेवली. तो आणखी घाबरू नये म्हणून मी बोलणं बंद केलं. पाय न वाजवता फिरत होते, कुकरसुद्धा लावला नाही. तरी चमचा ठेवला की ट्रंकेमागे दचकण्याचा आवाज यायचा. दुपारी ताईंचा फोन आला. "खाल्लं?" "नाही." "लेंड्या?" "नाही." त्या म्हणाल्या, "ऊन उतरेपर्यंत बघ. मग मी येते."

आईला फोन केला. ती म्हणाली, "ओवाळलंस का?"

"ओवाळायलाच गेले, म्हणून तर झालं."

"अगं बाई, बैलाला कासरा असतो. त्याला काय हाय?" आणि हसत सुटली. मला मात्र रडू येत होतं. एका दिवसात तो माझ्या घरातून परत जाणार होता आणि त्याला घाबरवलं होतं मीच.

पिंजरा दाराशी आणून ठेवला. आता काही उरलं नाही असं वाटलं आणि पलंगाकडे पाठ करून जमिनीवर बसले. समोर परीक्षेचं पुस्तक होतं. हात रिकामे ठेवण्यापेक्षा बरं म्हणून ते उघडलं आणि सवयीनं तोंड चालू झालं. अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, रजा कुणी मंजूर करायची. बऱ्याच पानांनंतर मागे बारीक कुरकुर ऐकू आली. मी मान वळवली नाही. वाचत राहिले. कुरकुर कोथिंबिरीच्या काड्यांची होती.

मला वाटतं, दिवसभराच्या शांततेत मी नेमकी कुठून येईन हे त्याला कळत नव्हतं. वाचताना मी कुठे आहे ते त्याला ऐकू येत होतं. खरं कारण त्यालाच ठाऊक. मी आवाज न बदलता, नियमाच्याच चालीत ताईंना फोनवर सांगितलं, "खातोय, ताई." त्या म्हणाल्या, "मग अशी का बोलतेस?" मी म्हटलं, "थांबले तर तो थांबेल." त्या आल्या नाहीत. पिंजरा मी पुढे रिकामाच परत नेऊन दिला.

आता तो माझ्या मांडीला पाठ लावून पसरतो आणि पुस्तकाचे कोपरे कुरतडतो. परीक्षा झाली, पण वाचन सुटलं नाही. हाती लागेल ते वाचते. परवा घसा बसला म्हणून गप्प होते, तर काकू जिना चढून दारात आल्या. हातात कोथिंबिरीच्या काड्या.

"बरा आहे ना तो?"

"आहे, काकू. घसा माझा बसलाय."

"मग ठीक," असं म्हणून त्यांनी काड्या दिल्या आणि खाली गेल्या.