वाफेतला आरसा

केबल टीव्ही आमच्या गल्लीत नुकताच आला होता, त्या हिवाळ्यातली गोष्ट. आम्ही नागापूरला, एमआयडीसीच्या कडेला, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मिस्टर एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. एका सकाळी चूळ भरायला गेले, तर पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. अर्धं तोंड वाकडं झालं होतं आणि डावा डोळा काही केल्या मिटत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, नस सुजलीय. गोळ्या घ्या, तोंड शेका आणि आरशासमोर व्यायाम करा. गाल फुगवायचे, शीळ घालायची, डोळे घट्ट मिटायचे. बहुतेकांचं बरं होतं, पण व्यायामात कसूर नको. डोळा मिटेपर्यंत लेथजवळ फिरकायचं नाही, लोखंडाचा चुरा उडतो. वर्कशॉपच्या मालकानंही तेच सांगितलं, वर मशीन फार दिवस रिकामं ठेवता येणार नाही हेही ऐकवलं. म्हणजे त्या एका डोळ्यावर नोकरी अडकली होती.

मग अकोले तालुक्यातल्या गावाहून सासूबाई आल्या, निर्गुडीच्या पाल्याचं गाठोडं घेऊन. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. "वारं लागलंय त्याला, दुसरं काय न्हाई," म्हणाल्या. न्हाणीच्या झरोक्यात पोतं कोंबलं आणि पाला उकळून कढत पाण्याच्या बादल्या आत सरकवायला सुरुवात केली. मिस्टर व्यायाम न्हाणीतच करायचे, कडी लावून, दाढीच्या आरशासमोर. बाहेर कुणी बघितलेलं त्यांना चालायचं नाही. आता सांगा, कोंडलेल्या वाफेत आरशात दिसणार काय, कपाळ?

"काईच दिसत न्हाई," रोज बाहेर येऊन सांगायचे.

मी पोतं काढायचे, आत्याबाई परत कोंबायच्या. "आगं, वारं शिरल ना!" शेवटी मी त्यांचा नाद सोडला आणि आरशाच्या मागे लागले. कागदानं पुसला, तर घटकाभरात पुन्हा पांढरा. वाफ कमी व्हावी म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग कढत, असंही करून झालं. मग शेजारणीनं सांगितलं, कोरडा साबण काचेवर घासायचा आणि कोरड्या फडक्यानं पुसत राहायचं, साबण दिसेनासा होईस्तोवर. तसं केलं. कढत पाण्याची बादली आत ठेवून दार लावून घेतलं. थोड्या वेळानं उघडून बघते, तर काच लख्ख! मला इतका आनंद झाला की आत्याबाईंना हाताला धरून दाखवायला नेलं. "लई शानी हायस," त्या म्हणाल्या, आणि झरोक्यातलं पोतं चेपून आल्या.

दुसऱ्या दिवशी मिस्टर न्हाणीतून बाहेर आले. "दिसत न्हाई," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. तडक आत गेले. आरशावर त्यांचा पंचा टाकलेला होता, काढायचा विसरले होते. उचलून पाहिलं तर काच स्वच्छ होती.

पंचा घेऊन बाहेर आले. "हे काय हो?"

त्यांनी पंचा माझ्या हातातून ओढून घेतला. मग म्हणाले, "तुला काय जातंय? ते तोंड मला बघवत न्हाई."

राग आला होताच. गोड बोलून समजूत घालणं मला कधी जमलं नाही. म्हटलं, "बरं, आरसा गेला खड्ड्यात. माझ्याकडं बघा." पाट ओढून समोर बसले आणि गाल फुगवले. "फुगवा की!" मी ओरडले. त्यांनी फुगवले. सगळी हवा डाव्या बाजूनं फुस्स करून निघून गेली.

आत्याबाई दारात आल्या. "येड लागलंय का दोघांना?"

मला हसू फुटलं. मग तेही हसले, अर्ध्याच तोंडानं.

तेव्हापासून रोज चहाच्या आधी आमचे हे माकडचाळे चालायचे. थंडी ओसरता ओसरता डोळा मिटायला लागला आणि ते कामावर परत गेले. ओठाचा कोपरा मात्र पुरता जागेवर आला नाही. चारचौघांत हसू आलं की ते अजून तोंडावर हात धरतात. माझ्यासमोर धरत नाहीत.