साडूंच्या माथी मारलेला नवस

आमच्या साडूंइतका बुचकळ्यात टाकणारा माणूस अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि आता धाराशिव म्हणतात म्हणून त्यात काही फरक पडलेला नाही. त्यांच्या सायकलीला घंट्या दोन होत्या, ब्रेक एकही नव्हता. चढाला ते उभ्यानं पायडल मारत आणि उतार आला की खाली उतरून चालत. “चढाला ती आपलं ऐकती, उताराला लई शानी होती,” हे त्यावरचं कारण. भर मे महिन्यात कोट घालत. बेंबळीच्या दूध संस्थेचे ते सचिव. दूध घालायला आलेल्या बाईला आधी म्हशीची खुशाली विचारत, मग नवऱ्याची. आणि चहा स्वतःसाठी कधी मागवायचे नाहीत. समोरच्याचा अर्धा पिऊन झाला की त्याचा कप उचलायचा, उरलेला बशीत ओतायचा आणि पिऊन टाकायचा. शाळा तपासायला आलेल्या साहेबांचाही कप त्यांनी असाच उचलला. साहेब बघतच राहिले. साडू म्हणाले, “साखर तळाला ऱ्हाती, साहेब.”

मी त्याच गावात मास्तर. दुष्काळाच्या त्या वर्षी एकदा कढत चहा माझ्या मनगटावर सांडला आणि मला कळलंच नाही. साडूंना कळलं. त्यांनी माझी बाही वर सारली, तिथला फिकट डाग नखानं टोचला. “लागतंय का, गुरुजी?” लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, महारोगाची सुरुवात आहे, गोळ्यांनी बरा होईल. गावात कळलं असतं तर माझ्या वर्गात एक पोर बसलं नसतं. म्हणून पुढं गोळ्या साडूच आणत, कोटाच्या आतल्या खिशातून. कोट त्यासाठीच होता म्हणावं, तर तो ते आधीपासून घालत होते.

मग त्यांच्या डोक्यात सायकलफेरी शिरली. महारोग्यांच्या एका आश्रमात जखमा बांधायला कापड नव्हतं. बेंबळीहून अणदूरपर्यंत गावोगाव जुनी लुगडी, धोतरं मागत जायचं, हँडलला पाटी लावायची : ‘महारोग बरा होतो.’

“दोन माणसांची कसली फेरी?” मी म्हणालो.

“येक म्होरं, येक मागं. फेरीच की!”

निघालो. दर उताराला फेरी पायी चाले, त्यामुळं अणदूरला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. कॅरिअरवर लुगड्यांचे ढीग, घशाला कोरड. खंडोबाच्या देवळापाशी एक म्हातारी तांब्या घेऊन पुढं आली. पाटी कुणीतरी तिला वाचून दाखवली.

“कुनाचा नवस हाय?” तिनं विचारलं.

“नवस न्हाय, मावशे. रोग्यांसाठी कापड मागतोय.”

“खुळं का काय! दुसऱ्याच्या दुखन्यापायी कोन एवढ्या उनात मरतंय? नवस ज्याचा, रोग त्याचा. दोघांत कुनाला हाय, त्ये सांगा.”

लोक जमले. त्यात दर्शनाला आलेले बेंबळीचे दोघे होते. माझी बाही घामानं मनगटाला चिकटली होती. साडूंनी तोंड उघडलं. ते काय सांगणार होते, मला आजवर कळलेलं नाही. कारण त्याआधीच मी बोट दाखवलं होतं. त्यांच्याकडं.

साडूंनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हातारीला हात जोडले. “व्हय, माझाच नवस. पानी वरनं वता, मावशे.” आणि ओंजळ धरली. मला तिनं तांब्या हातात दिला.

आमच्या आधी बातमी बेंबळीत पोचली. आठवड्याभरात बाया शेजारच्या गावी दूध घालू लागल्या. साडूंनी आपणहून संस्था सोडली आणि चारा डेपोवर कडब्याच्या पेंढ्या मोजायला लागले. “जनावरं काय इचारत न्हायती,” म्हणाले. मी खरं सांगतो म्हटलं की एकच उत्तर, “आदी बरं व्हा.” मी बरा झालो. सांगितलं नाही. त्याच शाळेतून हार घालून घेऊन निवृत्त झालो. साडूही गेले, घरी भरपूर माणसं आली, पण मयताला हात लावायला चौघंच.

तर आता लिहून ठेवतो. साडूंना महारोग कधीच नव्हता. तो मला होता.

अणदूरहून परतताना आम्ही एका हॉटेलात थांबलो होतो. मला चहा उतरेना. अर्धा कप मी बाजूला सारला. तो त्यांनी नेहमीसारखा उचलला, बशीत ओतला, फुंकर मारून प्यायला. मी वाट बघत होतो की आता तरी हे काही बोलतील. ते ढगांबद्दल बोलले. त्यानंतर गावात दुसऱ्या कुणाचा कप त्यांनी कधी उचलला नाही. माझा मात्र शेवटपर्यंत उचलत राहिले.

अजून माझ्याच्यानं पुरता कप संपत नाही. सून विचारते, “मामंजी, साखर कमी झाली का?” मी नाही म्हणतो आणि कप थोडा पुढं सरकवून ठेवतो.