पोट आईचं, बातमी मामाला

अन्याय माझ्या आईवर झाला. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, भांडुपच्या एका नर्सिंग होममध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन करताना तिची पित्तनळी कापली गेली. नळी चुकून कापली जाऊ शकते, माझं भांडण त्यावर नाही. पुढे जे केलं त्यावर आहे.

सर्जनने मामाला बाहेर बोलावलं. घरातला मोठा पुरुष, म्हणून मामा. लिफ्टपाशी उभं राहून हळू आवाजात सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "पेशंटला काही बोलू नका, घाबरतील." मामाने मान डोलावली. आमच्यात असंच असतं ना! मामाने मावशीला सांगितलं, मावशीने गावी फोन केला. शेजारची काकू भेटायला आली ती डोळे पुसतच. आईला मात्र सगळे सांगत होते, "गॅस झालाय." पोटात घातलेल्या रबरी नळीतून हिरवट पाणी पिशवीत पडतंय, आणि म्हणे गॅस!

दुसऱ्या ऑपरेशनचं बोलणं सुरू झालं, तरी तिला पत्ता नाही. मी नुसती जिना चढत-उतरत होते.

"मामा, तिला सांगा."

"तू गप रव. ह्यो तुझो मोर्चा नाय, घोषणा देऊक."

"पोट तिचं आहे."

"आणि बीपी वाढला तर? तू बघतलस?"

मी सर्जनची केबिन गाठली.

"मी तुमच्या मामांशी बोललोय," तो म्हणाला.

"ऑपरेशन मामांचं केलंत का?"

तो उठला, माझ्याबरोबर खोलीत आला, आईच्या खाटेशेजारी बसला. "तुमची पित्तनळी माझ्या हातून कापली गेली. चूक माझी आहे. ती जोडायला पुन्हा ऑपरेशन लागेल, मोठ्या हॉस्पिटलात."

आई रडली नाही. आधी पायथ्याशी उभ्या मामाकडे वळली. "शेजारणीक ठावक, गावात ठावक, माकाच तेवढा नाय?" मग सर्जनला विचारलं, "तुम्हीच जोडणार?"

"नाही. या कामाचा जास्त अनुभव असलेले डॉक्टर."

"मग त्यांका सांगून ठेवा. काय झाला तर पयला माका सांगूचा."

आई आपल्या पायांनी त्या दुसऱ्या ऑपरेशनला गेली, काय होणार ते माहीत असून. ती घरी आली, पण माझा राग गेलेला नाही. म्हणून तुम्हाला सांगते: उद्या तुमच्या माणसाचा डॉक्टर तुम्हाला बाजूला घेऊन कुजबुजायला लागला, तर ऐकू नका. त्याला तिथेच थांबवा, पेशंटसमोर न्या आणि तिथे बोलायला लावा.