सरांची शाल

किन्हवलीच्या स्टँडवर बाबांनी माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि खाली उतरून एवढंच म्हणाले, "शिकून झालं का घरी ये गो." नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि आता फिजिक्समध्ये संशोधन करायला पुण्याला निघाले होते. मुरबाडला बस बदलेपर्यंत रडत होते, असं आठवतं.

माझे गाइड मोठे शास्त्रज्ञ. दुसऱ्या वर्षी त्यांना देशातला मानाचा पुरस्कार मिळाला. मी गावच्या पीसीओवर फोन करून बाबांना बोलावून घेतलं आणि आनंदाने सांगितलं, सरांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ दिलं.

पुढच्या आठवड्यात बाबा डिपार्टमेंटच्या दारात उभे. खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी.

"ही सरांना. आता सामान बांध. आश्रमशाळेत जागा निघालीय."

आमच्याकडे गुरुजींना शाल-नारळ एकदाच मिळतो, रिटायर होताना. बाबांच्या मते सर नोकरीतून सुटले होते, म्हणजे माझं शिक्षणही आटोपलं होतं.

हे कळल्यावर सर खूप हसले, मग बाबाही. "काम तरुणपणी केलेलं, शाल आत्ता आली," सर म्हणाले.

"मंग हिचं कदी व्हायचं?" बाबांनी विचारलं.

"पीएच.डी.ला अजून तीनेक वर्षं. मग परदेशात काही वर्षं. मग कुठे कायमची जागा मिळाली तर."

"आन् नाय मिळाली तर?"

"तर नाही मिळाली."

सरांनी थोडं खोटं बोलावं, असं मला फार वाटलं. आश्रमशाळेची नोकरी घराजवळची होती. बाहेर आल्यावर बाबांनी चपला पायात सरकवल्या. "माणसानं फसवलं नाय आपल्याला," ते म्हणाले. "रा तू." आणि एकटेच परत गेले.

मी राहिले. पीएच.डी. झाली, जपानला गेले, आता हैदराबादला शिकवते. पोस्टडॉक, ग्रँट हे शब्द घरी काही नेता आले नाहीत. तुमच्यापैकी जे असेच बाहेर पडले, त्यांना हे ठाऊक असेल.

सुट्टीत गेले की आई पाहुण्यांची काचेची प्लेट काढते. मागच्या खेपेला मी माझी जुनी पितळी मागितली.

"ती दादाच्या पोरीला दिली गो. ती हितं रोज जेवते ना."

मी प्लेटमध्येच भाकरी घेतली. बाबा समोर जेवत होते, खाली मान घालून. 'रा तू' म्हणताना त्यांना हे दिसलं असावं, मला दिसायला इतकी वर्षं लागली. घर म्हटलं की आता मला आई-बाबा ही दोघंच आठवतात, मला पाहुणी होऊ देणारी.