टीव्हीवरचा गुलाबी रंग

लातूर जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. कलेक्टर कचेरीची पाटी नवीकोरी होती, बाजारात रोज कुठल्या ना कुठल्या दुकानाचं उद्घाटन असायचं, आणि पाणी मात्र नव्हतं. मी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला नुकताच लागलो होतो. मूळचा मुखेडकडचा, त्यामुळं दुष्काळाचं मला नवल नव्हतं. प्रयोगशाळेला पाणी लागतं याचं आमच्या प्राचार्यांना मात्र फार नवल वाटायचं. भांडी धुण्यात पाणी जातं म्हणून त्यांनी प्रॅक्टिकल बंद केलं आणि जे काय आहे ते फळ्यावर शिकवा म्हणाले.

टायट्रेशन फळ्यावर कसं शिकवणार? वर ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली काचेची उभी नळी. तिच्यातलं द्रावण थेंबथेंब खालच्या चंबूत सोडायचं. चंबूतल्या पाण्यासारख्या द्रावणाला अगदी फिका गुलाबी रंग आला की तोटी बंद. थोडं जरी पुढं गेलं तरी उत्तर चुकलं. मी विचार केला, प्रयोग एकदाच करू, त्याचं शूटिंग करू आणि सगळ्या वर्गांना दाखवू.

कॅमेरा होता लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाकडं. माझ्याही लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं होतं. दुष्काळापायी लग्नं पुढं ढकलल्यामुळं तो दुकानात माशा मारत बसला होता. लगेच आला. येताना लग्नातला झगझगीत दिवा आणि हळूच वाजवायला सनईची कॅसेटही घेऊन आला. सनई नको हे पटवायला मला बराच वेळ लागला.

शूटिंग सुरू झालं तसं मी समजावून सांगू लागलो, आणि तो मला सारखं हसायला सांगू लागला. ॲसिड हाताळताना हसता येत नाही म्हटलं तर म्हणाला, "सर, तोंडाचं जाऊ द्या मग. हात घेऊन राहिलो मी. अंगठी लई भारी दिसून राहिली."

अंगठी सासरची होती. त्यानं ती मन लावून टिपली. डावा हात तोटीवर, उजव्या हातात गोल फिरणारा चंबू, पुन्हा डावा हात. नेमका रंग बदलायच्या वेळी प्राचार्य दारात आले. लग्नात वजनदार पाहुणा आला की कॅमेरा तिकडं वळतो, तसा तो वळला. प्राचार्यांनी सदरा नीट केला, नमस्कार केला. कॅमेरा चंबूवर परत आला तेव्हा द्रावण भडक गुलाबी होऊन बसलं होतं.

त्यात कॉलेजचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. व्हीसीआर भाड्यानं आणला, पोरं दाटीवाटीनं बसली. पडद्यावर चंबूतलं पाणी पांढरं होतं, मग प्राचार्य दिसले, मग ते पाणी काळपट झालं. हा रंग गुलाबी आहे, असं मी शेजारी उभा राहून सांगत होतो. पोरं माना डोलवत होती. कॅसेट पुन्हा लावा म्हणायची. माझ्या तासाला इतकी गर्दी कधी झाली नव्हती, त्यामुळं मी खूष होतो.

परीक्षेपुरतं टँकरचं पाणी मिळालं. बाहेरचे परीक्षक नांदेडहून आले. वयस्कर, कमी बोलणारे. पोरांनी ब्युरेटला हात लावला आणि परीक्षक जागीच थांबले. प्रत्येकाचा डावा हात तोटीवर बरोबर वळलेला, उजव्या हातात चंबू एका लयीत फिरतोय. वर्षभर प्रॅक्टिकल झालेल्या पोरांचेही हात असे नसतात, असं ते मला हळूच म्हणाले. माझी छाती फुगली.

मग त्यांनी चंबू पाहिले. सगळ्यांचे डाळिंबाच्या रसासारखे लाल.

पुढच्या टेबलावर उदगीरकडची एक मुलगी होती. कुठं थांबायचं असतं, असं त्यांनी तिला विचारलं.

"गुलाबी झालं की, सर."

"मग हे काय?"

ती गोंधळली. "गुलाबी तं कवाच झालतं सर. पण टीव्हीत लई काळं दिसलतं. तेवढं काळं व्हायची वाट बघून राहिले."

परीक्षक माझ्याकडं वळले. मी सगळा प्रकार सांगितला, अंगठीसकट. ते हसले नाहीत. टेबलावर कोरा कागद ठेवायला लावला, माझ्याकडून एक टायट्रेशन करून घेतलं आणि तो चंबू कागदावर ठेवला. पोरं एकेक करून येऊन वाकून बघून गेली. "एवढाच?" असं दोघातिघांच्या तोंडून निघालं. कारण तो रंग खरोखर असून नसल्यासारखा होता. उरलेल्या पाण्यात त्यांनी सगळ्यांना पुन्हा करू दिलं. बहुतेकांचं उत्तर बरोबर आलं, आणि त्या मुलीचं तर माझ्यापेक्षा बरोबर.

संध्याकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. माझ्या त्या खटाटोपाचा उपयोग झाला की नुकसान, हे मला विचारायचं होतं, पण धीर होत नव्हता. गाडी लागल्यावर त्यांनीच कॅसेट मागितली. त्यांच्याकडंही पाण्याची बोंब होती. मी म्हटलं, खुशाल न्या, फक्त रंगीत टीव्हीवर दाखवा.

"टीव्ही रंगीतच आहे आमच्याकडं," ते पिशवीत कॅसेट ठेवत म्हणाले. "लाईट नसते."