प्रीतमच्या उशामागची भिंत

मी नववीपर्यंत शिकलो, पण मुलुंडमध्ये भिंतीला पॅनल मारायचं काम कोणाचं म्हणून विचाराल तर शंभरातले ऐंशी लोक माझं नाव सांगतील. उरलेल्या वीस जणांच्या घरी अजून पॅनल लागलेलं नाही. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं ते अजून मला पटत नाही.

प्रीतम माझा धाकटा भाऊ. दिवसा कारखान्यात लेथ चालवतो, पण खरा तो बुवा. आमच्या कोकणातली डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवा समोरासमोर बसून गातात, एकमेकांना टोमणेही मारतात. त्यात प्रीतमचा वरचा सूर असा लागायचा की पखवाजवाला हात थांबवून ऐकायचा. आवाज देवाने दिला, हार्मोनियम मी घेऊन दिली.

दोन वर्षांपूर्वी त्याचं नाक घशात गळायला लागलं. सकाळी उठला की अर्धा तास खाकरणं. गाताना वर गेला की घशात काहीतरी चिकटायचं. गेल्या गणपतीत समोरचा बुवा भर मांडवात म्हणाला, "आधी नाक पुसान येवा, मगे देवाक हाक मारा." लोक हसले. प्रीतमही हसला, पण घरी येऊन हार्मोनियमवर चादर टाकली. म्हणाला, "दादा, माघी गणपतीची बारी शेवटची. तिथे पण असंच झालं तर बस्स."

मी म्हटलं, "मी असताना कसली शेवटची?" ओव्याची पुरचुंडी, हळदीचं दूध, वाफ, सगळं केलं. डॉक्टरांनी पाणी उकळून, निववून, त्यात मीठ घालून नाक धुवायला सांगितलं. ते तो इमानदारीत करायचा. दुपारपर्यंत बरं वाटायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

मग डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नासाठी तो आठ दिवस गावी, कणकवलीला गेला. फोनवर आवाज एकदम मोकळा. परत आला आणि तिसऱ्या दिवशी खाकरणं सुरू. मी म्हटलं, "गावची हवाच तशी."

त्याची बायको गंधाली भाकरी थापत होती. कमी बोलते, पण बोलली की बोलते. "दिवाळीत माझ्या आईकडे भांडुपला राहिलो, तेव्हाही खाकरणं बंद होतं. भांडुपची हवा काय वेगळी आहे, दादा?"

भांडुप म्हणजे इथून दोन स्टेशनं.

"डॉक्टरांनी विचारलेलं, घरात ओल आहे का. हे म्हणाले, नाही. भिंत तर दिसतच नाही ना, तुमच्या पॅनलमागे."

प्रीतम म्हणाला, "गंधाली, जाऊ दे."

कसं जाऊ दे? ते पॅनल पाच वर्षांपूर्वी त्याच्या लग्नात मी स्वतः लावलेलं. अक्रोडाचा रंग, सोनेरी पट्टी, पलंगाच्या उशापासून छतापर्यंत. पाहुण्यांना आधी तेच दाखवायचो. भिंत बाथरूमला लागून, थोडी ओलसर होती, मान्य. पण आमच्या धंद्यात ओल दिसली की पॅनल मारतात. गिऱ्हाईक खूश, भिंत दिसत नाही, विषय संपला. असं मी शेकडो घरांत केलंय.

"थांब, तुला दाखवतोच," म्हटलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला. कोपऱ्यातली पट्टी काढली, पहिलं पॅनल ओढलं.

आतली भिंत काळी होती. डाग नव्हे, अख्खी भिंत, मखमल चढवल्यासारखी. भिजलेल्या गोणपाटासारखा वास आला. ही काळी बुरशी, आणि प्रीतमचं डोकं तिच्यापासून वीतभर. पाच वर्षं, रोज रात्री. वर मीच ओव्याची पुरचुंडी त्याच्या उशाशी ठेवत होतो.

मी जमिनीवर बसलो. शिंकत शिंकत प्रीतम म्हणाला, "दादा, फिनिशिंग मात्र झकास होतं हां." मला हसू आलं नाही. त्याला आलं.

त्याच दिवशी दोघांना भांडुपला पाठवलं. तोंडाला मास्क बांधून सगळं पॅनल मीच उतरवलं. बाथरूमचा नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला. प्लास्टर फोडलं, महिनाभर भिंत सुकवली, नवीन केलं. प्रीतम तिकडे नाक धुतच होता. दुसऱ्या आठवड्यात सकाळी फोन आला, "दादा, आज खाकरलो नाही."

माघी गणपतीला समोर तोच बुवा. प्रीतमने भजनाचा गजर वर नेला, आणखी वर नेला, आणि तिथेच धरून ठेवला. खाकरला नाही. समोरच्या बुवाला टोमणा सुचेना. शेजारी बसलेल्या माणसाने मला विचारलं, "आवाज कुणी सुधारला ओ ह्याचा?"

म्हटलं, "मीच बिघडवलेला, मीच सुधारला. दोन्ही कामं माझीच."

त्याला वाटलं मी गंमत करतोय.