आईच्या हाकेतलं नाव

मे महिन्यात राहेलचा फोन आला. "सर, कुसुमताई गेल्या," एवढं बोलली आणि रडायला लागली. पिंपळगाव राजाच्या शाळेत ताई इंग्रजी शिकवायच्या, मी गणित. राहेल आमची विद्यार्थिनी. ताई निवृत्त झाल्यावर त्यांच्याच जागी लागली. शोकसभेत एक पाहुणे म्हणाले, "बाईंचे उच्चार जरा गावठी, पण मन मोठं." तो 'पण' अजून माझ्या घशाखाली उतरत नाही, म्हणून हे लिहितोय.

शाळा सुरू झाली की हजेरी घेण्याआधी ताई नव्या मुलांच्या घरी जायच्या. चहा नंतर. आधी आईला म्हणायच्या, "लेकराले एकदा हाक मारा बरं." आई लाजत हाक मारायची आणि वर्गात ताईंच्या तोंडी ते नाव अगदी तसंच यायचं. पुस्तकातल्या परक्या नावांनाही हाच न्याय. डेव्हिड शिकवताना सांगायच्या, हे नाव मुळात हिब्रू, तिकडे दावीद म्हणतात, आपल्या ख्रिस्ती वस्तीतही दावीदच. इंग्रजांनी ते आपल्या जिभेच्या सोयीनं वळवलं. "त्यायनं वळवलं तं रीत, आपण वळवलं तं चूक? काऊन?"

नववीत असताना राहेल खामगावला इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेत उभी राहिली, मीही सोबत गेलो होतो. तिनं नाव सांगताच परीक्षकांनी थांबवलं. "इंग्रजीत रेचल म्हणतात. पुन्हा सुरू कर." पोरीचं तोंड एवढंसं झालं. ताई मागच्या रांगेतून उठल्या.

"साहेब, इंग्रजी मी शिकवलं, त्यात चूक काढा. नाव तिच्या मायनं ठेवलं. ते तिनं काऊन बदलावं?"

"मग गुण कापावे लागतील."

"कापा. बोल वं, राहेल."

राहेल बोलली, पहिल्यापासून, स्वतःच्या नावासकट. बक्षीस गेलं. येताना एसटीत ताईंचा राग मावत नव्हता, आणि राहेल मात्र हसत होती.

शोकसभेत त्या पाहुण्यांनंतर सूत्रसंचालकानं पुकारलं, "आता रेचल मॅडम." ती माइकपाशी गेली. "मी राहेल. ज्यांना आज गावठी म्हटलं, त्यांनी माझं नाव माझ्या आईच्या तोंडून ऐकून घेतलं होतं. तुम्ही कोणाला विचारलं?" मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता शाळा सुरू झालीये. काल राहेलसोबत मीही एका नव्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईनं चहाचं आधण ठेवायला घेतलं.

"चहा मंग, माय," राहेल म्हणाली. "आधी लेकराले एकदा हाक मारा बरं."